वाघ खाईना

६ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार, आणि तुझ्या कंबरेला माझ्यातर्फे गरम पाण्याची एक पिशवी.

तुझं पत्र परवा आलं. आईनं ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग माझ्या हातात देत म्हणाली, "बघ तुझी मावशी! स्वतः पडली ते चार ओळींत, आणि स्टुलाचा पाय मोडला त्याचं दुःख दोन पानं." त्यानंतर ती जे बोलली ते मी जरा मऊ करून कळवते. तू ते पुस्तकबांधणीचं दुकान बंद कर, जिन्यावरची ती खोली सोड आणि इथे आमच्याकडे राहायला ये. मऊ न करता ते सगळं "तिला म्हणावं" असं सुरू होतं आणि दर वाक्याच्या शेवटी "आलीच पाहिजे" येतं.

तुझं उत्तर मला पाठ आहे, त्यामुळे ते लिहिण्याचे कष्ट घेऊ नकोस. पुढचं ऐक. आपल्या घरात दोघांचं पटलं नाही की वाघ-बकरीचा डाव मांडायचा, आणि हरेल त्यानं अवाक्षर न काढता जिंकणाऱ्याचं ऐकायचं, ही आजोबांची शिस्त. शिलाईचं मशीन कुणी न्यायचं ते डावावर ठरलं. माझं नाव काय ठेवायचं तेही (आई हरली, म्हणून मी वाचले). तेव्हा हाही वाद तसाच मिटवू या, असं आईच म्हणाली. ती जिंकली तर तू इकडे यायचं. तू जिंकलीस तर तू तिथेच राहायचं आणि हा विषय पुन्हा कुणी काढायचा नाही.

अडचण अशी की पट आजोबांनी रंगवला तो त्या स्टुलाच्या बैठकीवर, आणि स्टूल तुझ्याकडे पांगळं होऊन पडलंय. आईचा गुडघा प्रवासाचं नाव काढू देत नाही, तुझी कंबर जिना उतरू देत नाही. फोनवर चाली सांगाव्यात, तर मागच्या वेळी मी विचारलं "बरी आहेस ना?" आणि तू म्हणालीस "मंगळवारी बंद असतं." म्हणून मी ठरवलंय की हा खेळ मी कॉम्प्युटरवर तयार करणार. घरीच, सुट्टीच्या दिवशी, माझ्या हातांनी. एक कॉम्प्युटर आईसमोर, एक तुझ्यासमोर. तिनं वाघ हलवला की तुझ्याकडे हलेल. आमच्या ऑफिसात दोन जुने कॉम्प्युटर भंगारात निघालेत, त्यातला एक तुला पाठवते.

हसू नकोस. दिवसभर मी लिफ्टना शिकवत असते की दार उघडं असेल तर हलायचं नाही. वाघाला शिकवणं त्याहून अवघड नसावं.

तू एकच कर, सगळे नियम लिहून पाठव. अगदी सगळे. कॉम्प्युटर हा फार आज्ञाधारक आणि फार बिनडोक प्राणी आहे, सांगितलं नाही ते त्याला कळत नाही. आईनं नियम सांगितलेत, पण ती नेहमी वाघ घेते, त्यामुळे तिच्यावर माझा भरवसा नाही.

तुझी,
बटणबाई


१३ फेब्रुवारी

बटणबाई,

आशीर्वाद. पिशवी पोचली असं समजते, कारण कंबर आता बरी आहे. ताईला सांग की मी धडधाकट आहे. काल एका कॉलेजच्या मुलाचा जाडजूड प्रबंध शिवून, पाठीला कापड लावून, दाबाखाली ठेवला. पडलेली बाई असं करते का? पडले तीसुद्धा कामात पडले. सरसाचा डबा वरच्या फळीवर होता, स्टुलावर चढले, स्टूल म्हणालं आता पुरे. ज्या पटावर आजवर घरातले वाद मिटवले त्यानंच मोडून हा नवीन वाद लावून दिला, याला काय म्हणावं?

डाव मला मंजूर आहे. ताईला म्हणावं, तयारीत राहा. बकऱ्या मीच घेणार.

आता नियम. वाघ तीन, बकऱ्या पंधरा. वाघ म्हणजे कोटाची तीन मोठी बटणं, बकऱ्या म्हणजे शर्टाची पांढरी. त्यातली एक तू तीन वर्षांची असताना गिळलीस आणि तेव्हापासून तुझं हे नाव पडलं. पुढे तू लिफ्टची बटणं दाबण्याच्या धंद्यात गेलीस त्याचं मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. त्या बकरीच्या जागी आम्ही पेपरमिंटची गोळी ठेवत होतो, पण तीही दर डावात कुणीतरी खायचं.

सुरुवातीला पटावर फक्त वाघ. बकऱ्या एकेक करून मांडायच्या, सगळ्या मांडून झाल्या की हलवायच्या. दोघांनीही रेघेवरून शेजारच्या घरात जायचं. वाघाच्या शेजारी बकरी असेल आणि तिच्या मागचं घर रिकामं असेल तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती खाल्ली. अशा पाच खाल्ल्या की वाघ जिंकला. बकऱ्या कुणाला खात नाहीत. त्यांनी एकमेकींना चिकटून राहायचं आणि वाघांना कोंडायचं. तिन्ही वाघांना हलायला जागा उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. थोडक्यात, बकरीच्या पाठीशी दुसरी बकरी असली की वाघाला उपास.

ताई तुला सांगेल की वाघ एका चालीत दोन उड्या मारू शकतो. अजिबात नाही. ही तिनं शाळेत असताना काढलेली पळवाट आहे, आणि तेव्हाही मी ओरडून घर डोक्यावर घेतलं होतं.

मी अगदी मजेत आहे. दिवसभर गिऱ्हाईक असतं. कान गेल्यापासून लोक मला हातवारे करून सांगतात, त्यामुळे दुकानात कुणी आलं की नाटक बघायला मिळतं. संध्याकाळी शटर ओढलं की मात्र घर चिडीचूप होतं. माझ्या कानांना तसं ते दिवसाही असतंच म्हणा, पण दिवसा जाणवत नाही.

मावशी


१ मार्च

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार, तोही खुर्चीवरून न उठता, कारण पाठ धरली आहे.

खेळ जवळजवळ झाला! पट काढला, रेघा जुळल्या, वाघांना मिशा लावल्या. पहिल्या दिवशी बकऱ्या पटाच्या कडेवरून बाहेर चालत गेल्या आणि गायब झाल्या, कारण पट कुठे संपतो हे मी सांगायला विसरले होते. लिफ्टच्या बाबतीत अशी चूक केली असती तर लोक गच्चीच्याही वर गेले असते. दुसऱ्या दिवशी एक वाघ दुसऱ्या वाघाला खाऊन बसला. तेव्हा आई मागे उभी होती. म्हणाली, "तुझ्या मावशीचा नियम दिसतोय."

दोन उड्यांवरून इथे बरंच रामायण झालं. आई म्हणते ते चालतं, तू म्हणतेस चालत नाही. हा वाद मिटवायला डाव मांडावा, तर डावातच तो वाद. शेवटी मी म्हटलं, प्रोग्रॅम मी लिहिते, एकच उडी. आईनं मला तासभर "अहो" म्हटलं.

आता एक शंका. समजा, वाघाला बकरी खाता येत असेल, तर त्यानं ती खाल्लीच पाहिजे का? की मनात नसेल तर तो दुसरीकडे जाऊ शकतो? आईला विचारलं. म्हणाली, असा प्रसंग कधी आलाच नाही. तू सांगितलंस तर सक्ती घालते, एका ओळीचं काम आहे.

आई सराव करत नाहीये. मी विचारलं तर म्हणते, "मला काय गरज." पण काल तिनं मागची खोली आवरली. माळ्यावरची गादी काढून उन्हात टाकली. मी म्हटलं, जिंकायच्या आधीच? तर म्हणाली, गादीला वास येत होता.

कॉम्प्युटर सोमवारी निघतोय. खोक्यावर "जपून" लिहिलंय, तरी तूही जप.

बटणबाई


९ मार्च

बटणबाई,

खोकं सुखरूप पोचलं. समोरच्या झेरॉक्सवाल्यानं येऊन तारा जोडल्या, इंटरनेट लावून दिलं आणि मला खुणेनं सांगितलं की याच्यावर पाणी सांडू नका. पन्नास वेळा सांगितलं. मी सरस, खळ आणि शाई घेऊन जन्म काढला, एका पुस्तकावर डाग पडू दिला नाही, आणि हा मला पाणी सांडू नका म्हणतो.

तुझा पट बघितला. अगदी आमच्या बाबांच्या पटासारखा. तो डाव्या कोपऱ्यातला वाकडा चौकोनसुद्धा काढलास! तो वाकडा का, माहीत आहे? बाबा रेघ मारत असताना ताईनं मला चिमटा काढला आणि माझा हात त्यांच्या कोपराला लागला. मार मी खाल्ला. ते ती सांगणार नाही.

तुझ्या शंकेचं उत्तर: कसला वेडा प्रश्न! वाघासमोर बकरी आली तर तो काय चिंतन करत बसणार आहे? आमच्या घरात कुणी मिळणारी बकरी सोडली असेल असं मला आठवत नाही. ताईनं तर नक्कीच नाही. तेव्हा सक्तीबिक्ती काही घालू नकोस, उगाच नियम वाढवून काय करायचंय? ताई वाघ आहे एवढं पुरे.

रविवारी दुपारी चार वाजता मी बसते. ताईला सांग, वेळेवर ये.

मावशी

ता. क. मागच्या खोलीत कुठली गादी टाकली? कापसाची की ती दुसरी, टणक? सहज विचारते.


१९ मार्च

बटणबाई,

तुझा वाघ आजारी आहे.

रविवारी आम्ही दोन तास खेळलो. सुरुवात झकास झाली. सगळ्या बकऱ्या मांडून झाल्या, हलवायला लागलो. मग मी एक बकरी अगदी त्याच्या तोंडासमोर नेऊन ठेवली, म्हणजे नजरचुकीनं गेली. मागचं घर रिकामं. वाघानं तिच्याकडे पाहिलं आणि वळून कोपऱ्यात निघून गेला. मला वाटलं ताईचं लक्ष नसेल. दुसरी गेली, तीही तशीच, चुकून. वाघ पुन्हा पलीकडे. दोन तासांत एकही बकरी मेली नाही आणि एकही वाघ कोंडला गेला नाही. शेवटी तुझ्या आईनं पडद्यावर "दूध वर आलंय" असं लिहून पाठवलं आणि गेली.

तुझ्या प्रोग्रॅममध्ये खाण्याची काहीतरी गडबड आहे. लवकर दुरुस्त कर. असा अर्धवट डाव ठेवणं मला आवडत नाही.

मावशी


२५ मार्च

प्रिय मावशी,

कान पकडून नमस्कार.

पत्र वाचलं. दोन रात्री जागून सगळा प्रोग्रॅम उलटापालटा केला. गंमत म्हणजे मला चूक सापडतच नाही. मी स्वतःशीच खेळून पाहिलं. माझा वाघ बकऱ्या अशा खातो की बघवत नाही. पाच मिनिटांत पाच. आईला बसवून विचारलं, "तू माऊस नीट दाबतेस ना?" तर ती म्हणाली, "मला काय विचारतेस, तुझं यंत्र आहे." आणि लगेच भाजी निवडायला गेली, आणि भाजी तर सकाळीच निवडून झाली होती.

मला वाटतं इंटरनेटमध्ये कुठेतरी चाल अडकत असेल. तरीही मी एक नवीन सोय केली आहे. आता वाघाला एखादी बकरी खाता येत असेल तर ती बकरी लाल होऊन लुकलुकते. दोघींच्याही पडद्यावर. म्हणजे आईला दिसलं नाही असं होणार नाही, आणि तुलाही कळेल की इथे धोका आहे, बकरी सांभाळ. नवा प्रोग्रॅम सोबतच्या पाकिटात पेन ड्राइव्हवर आहे, झेरॉक्सवाल्याला लावायला सांग.

गादी कापसाची आहे.

बटणबाई


७ एप्रिल

बटणबाई,

लावला तुझा नवा प्रोग्रॅम. दोन रविवार झाले. बकरी लाल होते, लुकलुकते, अगदी आगीच्या बंबासारखी लुकलुकते आणि वाघ तिच्या शेजारून फिरायला निघून जातो! काल एका वेळी चार बकऱ्या लाल झाल्या होत्या. चार! पट नुसता लग्नघरासारखा उजळला होता. आंधळ्या वाघानंही एक तरी खाल्ली असती.

मी काय करावं म्हणतेस? यापेक्षा पुढे बकरी नेता येत नाही. पट संपतो.

तू लिफ्ट दुरुस्त करतेस की नाही? मग एक वाघ दुरुस्त होत नाही? माझ्या दाबाचा स्क्रू अडला तर मी दुपारच्या आत सोडवते. मला हा डाव संपवायचा आहे. झेरॉक्सवाला विचारत होता की दुकान देणार असाल तर त्याला जागा हवी आहे, आणि मी त्याला अजून काही सांगू शकत नाही, कारण तुझा वाघ जेवत नाही. मी त्याला नाहीच सांगणार आहे, अर्थात. पण सांगायला डाव तर संपला पाहिजे.

स्टुलाला नवा पाय बसवून घेतला. थोडा आखूड झाला. डुगडुगतं.

मावशी


१४ एप्रिल

प्रिय मावशी,

आज नमस्कार वगैरे नंतर. आधी बातमी.

रविवारी मी ऑफिसला जाते असं आईला सांगितलं आणि स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. वयाला शोभत नाही, माहीत आहे. आई चष्मा पुसून बसली. तुझी बकरी आली, लाल झाली. आईनं माऊस वाघावर नेला. बकरीवर नेला. मग तिनं हात काढून मांडीवर ठेवला, पुन्हा माऊस धरला आणि वाघाला अलगद पलीकडच्या घरात नेऊन ठेवलं. वर म्हणाली, "जा गं बाई." बकरीला म्हणाली!

मी पुढे आले. विचारलं, लाल बकरी दिसली नाही का? तर म्हणते, "कोण लाल? माझा नंबर वाढलाय वाटतं." आणि संध्याकाळी तिनं दिव्याशिवाय सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात.

तेव्हा मावशी, प्रोग्रॅम ठणठणीत आहे. वाघाला खाता येतं. वाघ खाईना.

आणि मग मी बसून तुमचे सगळे डाव पुन्हा डोळ्यांसमोर आणले आणि मला दुसरीच गोष्ट दिसली. मावशी, तू मला लहानपणी काय शिकवलंस? बकरीच्या पाठीशी बकरी हवी. तुझ्याशी खेळताना मला एक फट मिळाली नाही कधी, मी रडून गोंधळ घालायचे तरी तू सोडायची नाहीस. आणि आता तू चार चार बकऱ्या उघड्यावर नेऊन ठेवतेस आणि वर मला लिहितेस की वाघ दुरुस्त कर. मी मूर्ख, दोन रात्री जागले! तुमच्या दोघींच्या मध्ये मी यंत्रातली चूक शोधत बसले.

आता मला एवढंच सांग. सक्तीची ती एक ओळ मी घालू शकते. मग आईला खावंच लागेल, दहा मिनिटांत तू हरशील आणि नियमाप्रमाणे इकडे यावं लागेल. घालू? तुझं खरं उत्तर दे. मला तू इथे हवी आहेस, हे मी तुला सांगून ठेवते, पण तुला न विचारता मी ती ओळ घालणार नाही.

हे पत्र मी आईला दाखवलं. तिनं वाचलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात सोबतचं पाकीट होतं. मी ते उघडलेलं नाही, आणि त्यासाठी मला फार कष्ट पडले.

बटणबाई


१४ एप्रिल

धाकटे,

तुला पत्र लिहून किती वर्षं झाली. मुलगीच सगळं कळवते, त्यामुळे माझी लिहायची सवय मोडली. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाच.

तू मुद्दाम हरत होतीस हे कळल्यावर मला आधी राग आला. तू आणि मुद्दाम हरणार? बाबांना ताप आला असतानाही तू त्यांना हरवलं होतंस. मग राग गेला आणि मी जरा रडले, ते मुलीला सांगू नकोस.

मी का खात नव्हते ते ऐक. पहिल्याच रविवारी तुझी बकरी समोर आली तेव्हा मी उडी मारणारच होते. मग मनात आलं, मी जिंकले तर काय होईल? ही शटर ओढेल, सामान बांधेल, येईल आणि नियमाप्रमाणे अवाक्षर काढणार नाही. मागच्या खोलीत गप्प बसून राहील. अगं, अवाक्षर न काढणारी बहीण घेऊन मी काय करू? तसली शेजारीण आहे मला एक.

पण हरताही येईना. हरले तर हा विषय संपला. मग तू तिथे स्टुलावर चढणार आणि मी इथे पत्राची वाट बघणार. म्हणून वाघ नुसता फिरवत बसले.

आता पट राहू दे बाजूला. विचारते. येतेस का?

दुकान तुझा जीव आहे, मला माहीत आहे. तुझं ते दाबाचं यंत्र आण, कातर आण, सरसाचे वास आण. मागच्या खोलीला मोठी खिडकी आहे, टेबल मावेल. जिना नाही. मुलगी दिवसभर लोकांच्या इमारतींत वरखाली करत असते आणि मी भिंतींशी बोलते. मला तू हवी आहेस. नाही आलीस तरी चालेल. नाही, चालणार नाही, पण चालवून घेईन.

चिमटा मीच काढला होता. पण तू आधी माझी वेणी ओढलीस, तेही लिहायचं होतंस ना?

ताई


२२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र दुकानात वाचलं. एक गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला वाटलं कुणी गेलं की काय. मी त्याला म्हटलं, अहो नाही, कुणीतरी येतंय.

येते.

आता एवढं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहिते. स्टुलावरून पडले त्या दिवशी मी बराच वेळ तिथेच जमिनीवर बसून होते. लागलं फार नव्हतं. पण मनात आलं, आता मी हाक मारली आणि कुणी "काय झालं" म्हणत आलं, तरी ते मला ऐकू यायचं नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. तुला पत्रात स्टुलाबद्दल दोन पानं लिहिली ती त्यामुळेच.

पण तू म्हणालीस "आलीच पाहिजे". ताई, तू "च" लावलास की माझी मान आपोआप आडवी हलते, फ्रॉक घालायच्या वयापासून. मग डावाचं निघालं आणि मला हायसं वाटलं. म्हटलं हरू या. हरलं की यावंच लागेल, आणि मला यायचंय हे कुणाला सांगावं लागणार नाही. माझी अब्रू राहील. तर तू खाईचना! माझ्या आयुष्यात इतका संताप मला कुठल्याच वाघाचा आला नाही.

"येतेस का" एवढंच विचारायचं होतं. तुलाही सुचलं नाही, मलाही सुचवता आलं नाही. बाबांनी आपल्याला वाद मिटवायला शिकवलं, पण वाद नसेल तर काय करायचं ते सांगितलंच नाही.

दुकानाची जागा झेरॉक्सवाल्याला दिली. त्याच्या यंत्रावर मी पाणी सांडणार नाही याची आता त्याला खात्री पटली असेल. दाब आणि कातर टेम्पोनं येतील, मागून मी. हातात घेतलेली कामं संपवून महिनाअखेर निघते. बटणबाईला सांग, ती ओळ घालू नकोस. आणि गादीला ऊन पुन्हा दे.

वेणी मी ओढली होती, कारण तू माझी पेपरमिंटची गोळी खाल्लीस. पुढे पटावरची पंधरावी बकरीही तूच खायचीस.

धाकटी


१९ मे

बटणबाई,

आशीर्वाद. या पत्रावर तिकीट नाही, कारण ते मी तुझ्या दाराखालून सरकवते आहे. फोनवर ऐकू येत नव्हतं तसंच समोरही येत नाही, आणि तू घाईघाईत बोलतेस. पत्र लिहिलं की मला पुरतं बोलता येतं आणि तुला मध्ये तोंड घालता येत नाही. तूही उत्तर लिहून ठेवत जा. उंबरठ्यापर्यंत टपाल चांगलं चालतं.

माझं बस्तान बसलं. दाब खिडकीखाली बसवला. कालच तुमच्या वरच्या मजल्यावरचे मास्तर एक फाटका शब्दकोश घेऊन आले, म्हणजे दुकान सुरू झालं म्हणायचं. स्टूल स्वयंपाकघरात आहे. त्याच्यावर कुणी चढायचं नाही आणि त्याच्यावर खेळायचंही नाही, कारण डुगडुगतं आणि वाघ घरंगळतात. तेव्हा आम्ही तुझ्या खेळावरच खेळतो. तुझी आई पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, मी मागच्या. मध्ये एक भिंत. खाल्लं की ती भिंतीवर थाप मारते, ती मला हाताला जाणवते.

तुझी आई आता रात्री माझ्याच खोलीत झोपते, आणि हे पत्र लिहायचं कारण म्हणजे तिथली खिडकीजवळची खाट. माझं म्हणणं, मला उजेड लागतो, ती मला हवी. तुझ्या आईचं म्हणणं, घर तिचं, गुडघा तिचा, वारा तिला हवा. वाद झाला. डाव मांडला. मी बकऱ्या कशा मांडल्या होत्या ते तू बघायला हवं होतंस, सुई जाणार नाही अशी भिंत! आणि तरीही एका कोपऱ्यातून तुझा तो आजारी वाघ शिरला. एक खाल्ली. थाप. दुसरी खाल्ली. थाप. लाल व्हायला उसंत मिळाली नाही गं बकऱ्यांना! पाचवी खाल्ली तेव्हा तुझी आई उठून दारात आली आणि इतकी हसली, इतकी हसली की मला ऐकू आल्यासारखं वाटलं.

तेव्हा मी तुला लेखी कळवते की तुझा प्रोग्रॅम दुरुस्त झालेला आहे.

खाट तिला मिळाली. नियमाप्रमाणे मी अवाक्षर काढायचं नाही, आणि मी काढलेलं नाही. पण लिहायचं नाही असं नियमात कुठेच नाही. तूच म्हणाली होतीस ना, सांगितलं नाही ते कॉम्प्युटरला कळत नाही म्हणून? तर आता ऐक. पहिलं म्हणजे, ती खाट माझ्या खाटेपेक्षा दोन बोटं लांब आहे. दुसरं म्हणजे, तिनं शेवटची उडी मारताना मला पडद्यावर लिहून चहा विचारला, ही फसवणूक आहे. तिसरं म्हणजे, ती रात्री घोरते असं तू मला आधी का नाही सांगितलंस? मला ऐकू येत नाही, पण तिला चिकटून असलेली माझी खाट हलते. बाकीचं पुढच्या पानावर आहे, पान उलट.

तुझी,
मावशी (मागची खोली)